गेस्टला काही दिसत नाही

बदलापूरच्या नरेंद्रने ठरवलं, की काही दिवस ऑफिसचं काम घरून करायचं. एवढंच ठरवलं. यात सासऱ्यांनी पिशवी उचलून घर सोडून जावं असं काय होतं, हे त्याला बराच वेळ कळलं नाही. पण ते गेले. आणि जाताना एका डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन गेले, त्यामुळे नरेंद्रची बाजू आणखीच लंगडी पडली.

त्याचं झालं असं. नरेंद्र ठाण्याच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामर होता. कंपनी म्हणजे उन्मेष सर, त्यांची एसी केबिन आणि केबिनबाहेर पंख्याखाली बसलेली मूठभर माणसं. त्या वर्षी कंपनीला पॅथॉलॉजी लॅबच्या सॉफ्टवेअरचं काम मिळालं होतं. नरेंद्रने घरून काम करायची परवानगी मागितली, तेव्हा सर म्हणाले, "कर की. पण कोड एन्क्रिप्ट करून ठेवायचा. लॅबच्या डॉक्टरीणबाई फार कडक आहेत. लोकांच्या रक्तालघवीचा मामला आहे. उद्या तुझ्या घरी चोरी झाली, तरी चोराला त्यातलं एक अक्षर वाचता येता कामा नये."

"नाही येणार सर!" नरेंद्र छाती फुगवून म्हणाला. (पुढे चोराची गरजच पडली नाही. खुद्द नरेंद्रलाच त्यातलं एक अक्षर वाचता येईना.)

घरात कॉम्प्युटर एकच, आणि तो नावाला दोघांचा असला तरी खरा शीलाचा. शीला म्हणजे नरेंद्रची बायको. ती अंबरनाथच्या एका शाळेत शिकवायची आणि मुलांच्या प्रश्नपत्रिका याच कॉम्प्युटरवर टाइप करायची. तिचे मराठी फॉन्ट विंडोजवरच चालायचे. नरेंद्रचं काम मात्र लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमवर. "विंडोजला हात लावलात तर बघा," असं तिने एकदाच सांगितलं होतं. शीला कुठलीच गोष्ट दोनदा सांगत नसे.

मग नरेंद्रने व्हर्च्युअल मशीन टाकलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. खरा नव्हे, नुसता भास. पण वागणं हुबेहूब खऱ्यासारखं. घरात पोटभाडेकरू ठेवावा, तसं विंडोजच्या पोटात लिनक्स राहायला आलं. यातल्या बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरला म्हणतात होस्ट आणि आतल्या भासाला म्हणतात गेस्ट. ही नावं ज्या कुणी ठेवली, त्याच्या घरी तेव्हा सासरे राहायला आलेले नसावेत.

नरेंद्रच्या घरी आलेले होते. शिवराममामा वांगणीला राहायचे. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, असा त्यांचा जुना हट्ट. "जय भीम" घालायचा, चहा घ्यायचा आणि उन्हं उतरायच्या आत वांगणी गाठायची. या खेपेला उल्हासनगरला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून शीलाने रडून-भेकून त्यांना आठवडाभर ठेवून घेतलं होतं. हॉलमधल्या दिवाणावर, एका डोळ्याला हिरवी पट्टी लावून, मामा पडून असत. माणूस भारी मानी. सगळी नोकरी त्यांनी अंबरनाथच्या एका कंपनीच्या गेस्ट हाऊसवर केली होती. त्यांना इंग्रजी फार येत नसे. पण 'गेस्ट' हा शब्द कानावर पडला, की झोपेतही त्यांची पाठ ताठ होई.

आणि मोबाइलला रेंज फक्त हॉलमध्ये येई. तीही दिवाणाशेजारच्या खिडकीत, मान बाहेर काढली तर.

पहिल्याच दिवशी नरेंद्रची गाडी अडली. कोड त्याने एका कुलूपबंद पेटीत ठेवला. पेटी म्हणजे डिस्कवरची एक मोठी फाइल; पासवर्ड टाकला की उघडते, नाहीतर नुसता कचरा दिसतो. पेटी विंडोजवर छान उघडली. पण लिनक्सला काही ती दिसेना.

"मग पेन ड्राइव्हवर घ्या आणि इकडचं तिकडे न्या," भाकरी थापता थापता शीला म्हणाली. "आमच्या शाळेत सगळे तेच करतात."

नरेंद्र हसला. अडाणी माणसाकडे बघून शहाणा हसतो तसा. "शीला, ही रिपॉझिटरी आहे. प्रत्येक बदलाचा इतिहास असतो हिच्यात. ही शेअर करावी लागते. दोघांत."

"कोणा दोघांत? घरात कॉम्प्युटर एकच आहे ना?"

नरेंद्रने खिडकीतून मान बाहेर काढली आणि आकाशला फोन लावला. आकाश त्याच्याच ऑफिसात होता, राहायला उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, जुन्या लष्करी बरॅकमधल्या खोल्यांत, आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नावर "सिंपल है यार" एवढं बोलायला सदैव मोकळा.

"अरे आक्या, गेस्टला काही दिसतच नाहीये!" नरेंद्र ओरडला.

दिवाणावर मामांनी पट्टी नसलेला डोळा उघडला.

"होस्टला सगळं दिसतंय रे. गेस्टच आंधळा. ... हो, आणि किती हळू चालतो! एक गोष्ट सांगितली की पाच मिनिटं नुसता विचार करत बसतो. ... मेमरी? मेमरी कमीच आहे त्याची. पण खातो किती! अर्धं सगळं तोच खातो. होस्टला काही उरतच नाही. ... तू काय म्हणतोस, गेस्टला सगळ्या परवानग्या देऊन टाकायच्या? अरे, घरात कुठेही हात घालेल तो! ... तुझ्याकडे नीट राहतो? काय नशीब आहे रे तुझं!"

मामांनी हळूच कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या दुपारी मामा अर्धीच भाकरी जेवले. संध्याकाळी त्यांनी स्वतः उठून पंखा बंद केला. शीलाने विचारलं, तर म्हणाले, "वयानुसार कमी खाल्लेलं बरं." नरेंद्रच्या मनात आलं, मामा किती समंजस आहेत! विजेचीसुद्धा काळजी. (नरेंद्रला माणसांची पारख नव्हती असं नाही. फक्त ती त्याला नेहमी उशिरा व्हायची.)

दुसऱ्या दिवशी पेटी एकदाची लिनक्सला दिसली. पण रिपॉझिटरी म्हणू लागली, की प्रत्येक फाइल बदलली आहे. नरेंद्रने एकीलाही बोट लावलेलं नव्हतं. विंडोज ओळ संपवतं एका पद्धतीने, लिनक्स दुसऱ्या पद्धतीने. परवानग्या इकडच्या वेगळ्या, तिकडच्या वेगळ्या. दोन जावांच्या मध्ये एक चूल, तसा प्रकार. नरेंद्रने डोकं धरलं, केस धरले, शेवटी फोन धरला.

"सिंपल है यार," आकाश पलीकडून म्हणाला. "होस्टमधून शेअर करूच नको. पेटी सीधा गेस्टच्या आत उघड. फक्त एक ध्यान में रख. होस्टमध्ये बंद केल्याशिवाय गेस्टमध्ये उघडायची नाही. दोनों एक साथ घुसे, तो सब खल्लास."

नरेंद्र नीट लक्षात राहावं म्हणून मोठमोठ्याने घोकत होता. "कळलं. दोघांनी एकदम आत जायचं नाही. होस्ट बाहेर आला, की मगच गेस्टने आत जायचं. नाहीतर सगळी घाण होते."

त्या दिवसापासून मामा संडासला जायच्या आधी पॅसेजमध्ये उभे राहून खाकरू लागले. "जावईबापू, तुम्ही आत नाय ना?" असं विचारून, उत्तर आल्यावरच कडी काढायचे. नरेंद्र स्क्रीनवरून नजर न हलवता "जा मामा, जा" म्हणायचा. काय शिस्त आहे जुन्या पिढीला, असंही एकदा तो शीलाला म्हणाला. शीलाच्या कपाळाला आठी पडली. पण चाचणी परीक्षेचे पेपर तोंडावर आले होते, त्यामुळे ती आठी तशीच राहून गेली.

पेटीचं तोंड इकडून उघडं, तिकडून बंद, हे सांभाळत सांभाळत नरेंद्रने कसंबसं काम रेटलं. काम झालंही चांगलं. रक्ताच्या रिपोर्टचा अख्खा भाग त्याने लिहून काढला. इंटरनेट दर दहा मिनिटांनी तुटायचं, म्हणून त्याने ते ऑफिसच्या सर्व्हरवर चढवलं नव्हतं. सगळं त्या एका पेटीत. आणि पुढच्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंपुढे डेमो.

अशाच एका सकाळी शीला शाळेत गेली होती. नरेंद्रला एक जुनी फाइल बघायची होती, म्हणून त्याने पेटी विंडोजमध्ये उघडली. बघितली. बंद करायची राहिली. (एवढंच. माणसाच्या हातून काय काय राहून जातं, त्यापुढे हे काहीच नाही.) मग लिनक्समध्येही उघडली आणि दणादण लिहायला लागला. दोघं आत. एकाच पेटीत एक माणूस कपडे घडी करून ठेवतोय आणि दुसरा त्याच खणात भांडी रचतोय. आणि एकमेकांना एकमेकांचा पत्ता नाही.

तेवढ्यात दिवे गेले. लोडशेडिंगची वेळ नसताना गेले. यूपीएस दोनदा टिवटिवला आणि त्यानेही मान टाकली.

दिवे आल्यावर नरेंद्रने पासवर्ड टाकला, तर पेटी उघडेना. परत टाकला. मग हळू टाकला. मग एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाकला. पेटी म्हणे, पासवर्ड चुकीचा आहे किंवा ही पेटीच नाही. मग तो खिडकीकडे धावला.

"आक्या, मेलो! सगळं गेलं! या गेस्टने माझी पुरती वाट लावली रे! उगाच आणला घरात! शीलाचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती! ... नाही, आता दयामाया नाही. आजच्या आज मारून टाकतो त्याला. किल! उडवूनच टाकतो! नवीन टाकू गेस्ट, चांगला बघून! ... होस्टला काय होतंय? होस्ट ठणठणीत आहे!"

फोन ठेवून तो परत आतल्या खोलीत गेला आणि इंटरनेटवर पेट्या दुरुस्त करणाऱ्यांचे सल्ले वाचू लागला. मागून मामांचा आवाज आला, "येतो मी, जावईबापू." नरेंद्र न वळता म्हणाला, "हो हो, या."

दुपारी शीला शाळेतून आली. दिवाणावर चादर घडी करून ठेवलेली, चादरीवर उशी, उशीवर डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली.

"बाबा कुठे गेले?"

"इथेच असतील," नरेंद्र आतून म्हणाला. "शीला, माझी सगळी रिपॉझिटरी गेली गं!"

"माझा बाप गेलाय!"

तेव्हा कुठे नरेंद्र खुर्चीतून उठला. शीलाने वांगणीला फोन लावला. तिकडे गयाबाईंनी, म्हणजे शीलाच्या आईने उचलला. मामा आलेले नव्हते. उलट "जावई लय जपतात म्हणे, आता महिनाभर काय येत नाय हा माणूस," असं त्या कौतुकाने सांगत होत्या. शीलाने फोन ठेवला आणि नरेंद्रकडे असं पाहिलं, की त्याला रिपॉझिटरीपेक्षा स्वतःची काळजी वाटू लागली.

"तुम्ही बाबांना काय बोललात?"

"मी? मी त्यांच्याशी बोललोच नाही! आठवडाभर एक शब्द बोललो नाही!"

हा बचाव म्हणून आपण काय बोलून गेलो, हे त्याला बोलल्यावर कळलं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. आकाश. नेहमीचा "सिंपल है" वाला आवाज नव्हता. कुजबुजत बोलत होता. "नऱ्या, तुझे सासरे आमच्याकडे आलेत. बरॅकमध्ये बसलेत. आणि अख्ख्या बरॅकला सांगतायत, की तू त्यांना मारून टाकणार आहेस."

झालं होतं ते असं. आकाशची आई गंगूमावशी मूळची वांगणीची, मामांच्या शेजारच्या घरातली. घरी परत जावं, तर मामांनी गावात जावयाची इतकी तारीफ करून ठेवलेली, की तोंड दाखवायची सोय नाही. आणि आठवडाभर फोन ऐकून त्यांची एक गोष्ट पक्की झाली होती: या सगळ्या प्रकरणात गेस्टच्या बाजूने बोलणारा देवमाणूस एकच, आणि तो म्हणजे आकाश. त्याच्याकडे गेस्टला सगळ्या परवानग्या असतात. त्याच्याकडे गेस्ट नीट राहतो. मग रिक्षा करून ते थेट कॅम्प चारला गेले.

नरेंद्र स्कूटरवर टांग टाकून पोचला, तेव्हा मामा कॉटवर उशीला टेकून बसले होते. पुढ्यात ताट. गंगूमावशी वारा घालत होती. दारात शेजारच्या दोन सिंधी काकू उभ्या. नरेंद्र दिसताच त्यांच्यातली एक दुसरीला म्हणाली, "यही है. दिखता तो सीधा है."

"मामा, तुमचा गैरसमज झालाय," नरेंद्र म्हणाला. "गेस्ट म्हणजे तुम्ही नव्हे."

मामांनी शांतपणे घास गिळला. "एक डोळा बांधलाय, जावईबापू. कान दोन्ही उघडे हायत. गेस्टला दिसत नाय बोललात का नाय?"

"बोललो. पण—"

"हळू चालतो बोललात?"

"हो, पण तो—"

"अर्धं सगळं खातो?"

"मेमरी हो, मामा! मेमरी खातो!"

"मेमरी कुठं खायची असते काय?" गंगूमावशी मध्येच म्हणाली. "काय पण एकेक बोलतो!"

"मारून टाकतो बोललात?"

"ते मशीन हो! आपल्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा एक कॉम्प्युटर आहे. तो खरा नाही. नुसता असल्यासारखा वाटतो. त्याला गेस्ट म्हणतात. तो होस्टच्या पोटात राहतो—"

दारातल्या काकूने कपाळावर हात मारला. "दिमाग पे असर हुआ है बेचारे के. कंप्यूटरवालों का ऐसाच होता है."

नरेंद्रने जीव तोडून समजावलं. पेटी समजावली, कुलूप समजावलं, दोघांनी एकदम आत जाण्याचं समजावलं. त्यावर मामा म्हणाले, "तरी त्या दिवसापासून तुम्ही बाहेर आल्याबिगर मी कदी आत गेलो नाय." आणि गंगूमावशीचे डोळे भरून आले.

अखेर आकाशने आपला कॉम्प्युटर चालू केला. विंडोजची खिडकी, आणि त्या खिडकीत लिनक्सची खिडकी. मामांना हाताला धरून त्याने समोर बसवलं. "हे बघा काका. ये बाहर वाला होस्ट. ये अंदर वाला गेस्ट."

मामा उघडा डोळा स्क्रीनला लावून बराच वेळ बघत राहिले. आतला गेस्ट चालू व्हायला लागला आणि त्याच्या लौकिकाप्रमाणे विचार करत बसला.

"ह्याला शिव्या घालत होता तुम्ही?"

"हो मामा. यालाच."

"आठवडाभर?"

"हो."

मामांचा चेहरा सैल पडला. पण गेस्ट हाऊसवरचा माणूस तो. "मग त्याचे तर माझ्यापेक्षा हाल झाले," ते म्हणाले. "गेस्ट कसलाबी असो, जावईबापू. घरात घेतल्यावर असं बोलू नये."

यावर नरेंद्रने मशीनच्या वतीने माफी मागायची की मशीनची, हे न समजून दोन्ही मागितल्या. मामांनी त्या घेतल्या; पण परत यायला नकार दिला. राग म्हणून नव्हे. गंगूमावशीने रात्री सुकटीचं कालवण करायचं कबूल केलं होतं. डोळ्याची तपासणीही कॅम्प चारलाच होती. तपासणी झाली की येतो, म्हणाले.

आकाशकडे कोडची गेल्या आठवड्यातली प्रत होती. ती पेन ड्राइव्हवर घेऊन नरेंद्र घरी परतला. दारातच शीला उभी. तिने त्याच्या मागे पाहिलं. मागे जिना होता.

"बाबा?"

"ते राहिले तिकडेच. खूश आहेत. हा बघ, कोड मिळाला!"

"बापाला आणायला पाठवलं, तर पेन ड्राइव्ह घेऊन आलात!" शीला म्हणाली. आणि मग नरेंद्रच्या लक्षात आलं, की आपण पेन ड्राइव्ह तिच्यासमोर नाचवायला नको होता. पेन ड्राइव्हने इकडचं तिकडे नेता येतं, हे या घरात सर्वांत आधी कोण म्हणालं होतं, हे दोघांनाही आठवलं. फरक इतकाच, की त्याला आत्ता आठवलं, तिच्या पहिल्यापासून लक्षात होतं.

रिपोर्टचा भाग त्याने पुन्हा लिहिला. पहिल्यापेक्षा वाईट लिहिला, पण लिहिला. मामा परत आले, दोन्ही डोळ्यांनी बघू लागले, आणि नरेंद्र त्यांना रोज न चुकता "मामा, पंखा वाढवू का?" विचारू लागला. नवी पेटी करताना शीला खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"पासवर्ड मी सांगणार," ती म्हणाली.

"लांब लागतो. निदान वीस अक्षरं. आणि लक्षात राहील असा."

"तुमच्या जन्मभर लक्षात राहील असा सांगते. लिहा."

त्याने मुकाट्याने लिहिला.

डेमोच्या दिवशी उन्मेष सरांच्या केबिनमध्ये भिंतीवर प्रोजेक्टर लावला होता. सरांच्या कॉम्प्युटरवरही नरेंद्रने घरच्यासारखाच गेस्ट टाकला होता आणि पेटी पेन ड्राइव्हवर आणली होती. लॅबच्या डॉक्टर कुमुदिनीबाई चष्मा पुसून समोर बसल्या. सर अभिमानाने म्हणाले, "मॅडम, सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नाही. आमचा नरेंद्र तुमचा कोड अशा कुलपात ठेवतो, की त्याच्या बायकोलाही पत्ता नसतो."

नरेंद्रने घाम पुसला आणि पेटी उघडायला पासवर्ड टाइप केला. आता व्हर्च्युअल मशीनची एक खोड आहे. कीबोर्ड कधी होस्टकडे असतो, कधी गेस्टकडे, आणि आत्ता कोणाकडे आहे, हे ते सांगत नाही. पासवर्डची चौकट होस्टवर होती. कीबोर्ड गेस्टकडे होता. गेस्टच्या काळ्याभोर पडद्यावर, भिंतभर, एकेक अक्षर उमटत गेलं. नरेंद्र खाली मान घालून, अक्षर चुकू नये म्हणून बोटांकडे बघत टाइप करत होता. त्याने एंटर मारला आणि वर पाहिलं.

इंग्रजी अक्षरांत, सलग, मध्ये कुठेही जागा न सोडता लिहिलेलं होतं: शीलाचंमीपहिल्यांदाचऐकायलाहवंहोतं. आणि खाली गेस्टने प्रामाणिकपणे उत्तर दिलं होतं, की अशी कुठलीही आज्ञा सापडली नाही.

सरांनी खोकून घेतलं. कुमुदिनीबाईंनी चष्मा चढवला, ओळ पुढे वाकून शांतपणे वाचली, मग तितक्याच शांतपणे नरेंद्रला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पासवर्ड बदला," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम. आता सगळ्यांनी पाहिला ना..."

"ते सोडा हो. मुळात यात गुप्त काय होतं? हे तर तुमच्या तोंडावरच लिहिलंय."